थ्रेडचे गुणधर्म आणि मेमरीचा हिशेब : पॉझिक्स मानकातील एका मौनाची चिकित्सा

१

सी भाषेत अनेक थ्रेड वापरणाऱ्या प्रोग्रॅमची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत असते. समाईक माहितीवर दोन थ्रेडांनी एकाच वेळी हात घातला तर काय होईल, हा तो प्रश्न होय. म्यूटेक्स, कंडिशन व्हेरिएबल, ॲटॉमिक क्रिया यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने, थ्रेड जन्मास येतानाच त्याच्या मेमरीविषयी जो करार होतो, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फार कमी जाते. हा करार पॉझिक्स मानकाने १९९५ साली, आय-ट्रिपल-ई १००३.१सी या दुरुस्तीने, ‘ॲट्रिब्यूट ऑब्जेक्ट’ अर्थात गुणधर्म-संच या रूपाने मांडला. नवा थ्रेड निर्माण करणाऱ्या पीथ्रेड_क्रिएट या फंक्शनचा दुसरा अर्ग्युमेंट म्हणजे या गुणधर्म-संचाचा पॉइंटर. व्यवहारात मात्र त्या जागी जवळजवळ नेहमीच ‘नल’ लिहिलेले आढळते.

नल याचा अर्थ मानकाच्या भाषेत ‘डीफॉल्ट गुणधर्म’ असा आहे. परंतु त्या डीफॉल्ट गुणधर्मांपैकी स्टॅकच्या आकाराविषयी मानक काहीच सांगत नाही. तो निर्णय त्याने अंमलबजावणी करणाऱ्यांवर सोपविला आहे. या मौनाचे परिणाम काय झाले, त्याचे समर्थन कोठवर करता येते आणि गुणधर्म-संचाच्या मूळ कल्पनेतच काही उणीव राहिली आहे काय, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम गुणांचा विचार करणे न्याय्य होईल. थ्रेडविषयीच्या सर्व इच्छा पीथ्रेड_क्रिएटच्या अर्ग्युमेंटांतच मांडाव्यात असे ठरले असते, तर ते फंक्शन कालांतराने अवजड झाले असते, आणि नवा गुणधर्म सुचला की जुने प्रोग्रॅम निकामी झाले असते. मानककारांनी त्याऐवजी एक अपारदर्शक संच कल्पिला. त्याची अंतर्गत रचना प्रोग्रॅमरला दिसत नाही. मूल्य ठेवावयाचे व वाचावयाचे ते नेमून दिलेल्या फंक्शनांमार्फतच. त्यामुळे ग्नू सी लायब्ररीसारख्या अंमलबजावणीस, थ्रेड कोणत्या प्रोसेसरवर चालावा हा मानकाबाहेरचा गुणधर्मही त्याच संचात सामावून घेता आला. एकदा सिद्ध केलेला संच कितीही थ्रेडांसाठी वापरता येतो. आणि थ्रेड निर्माण झाल्यावर संच नष्ट केला, तरी त्या थ्रेडवर काही परिणाम होत नाही. संच हा नमुना आहे, थ्रेडचा अवयव नव्हे, ही भूमिका स्पष्ट व सुसंगत आहे.

मानक आपल्या चुका दुरुस्त करू शकते, याचाही पुरावा येथेच मिळतो. मूळ आवृत्तीत स्टॅकचा पत्ता देण्यासाठी एक स्वतंत्र फंक्शन होते. तो पत्ता स्टॅकच्या वरच्या टोकाचा की खालच्या, हे त्यातून निश्चित होत नसे. स्टॅक कोणत्या दिशेने वाढतो हे यंत्रागणिक बदलत असल्याने ही संदिग्धता केवळ शाब्दिक नव्हती. २००१ च्या आवृत्तीत सर्वांत खालचा पत्ता व आकार ही दोन्ही एकत्र मागणारे पीथ्रेड_ॲट्र_सेटस्टॅक आले, जुने फंक्शन कालबाह्य ठरविले गेले, आणि २००८ च्या आवृत्तीतून ते काढूनच टाकण्यात आले. अर्धवट प्रश्न विचारणारे फंक्शन चुकीचेच उत्तर मिळविते, हा धडा मानकाने येथे घेतला. तो स्टॅकच्या आकाराच्या बाबतीत मात्र घेतला गेला नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३

लिनक्सवर ग्नू सी लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमने नल दिले, तर थ्रेडच्या स्टॅकचा आकार प्रोसेसवरील स्टॅक-मर्यादेवरून ठरतो. प्रोग्रॅम सुरू होतानाच ही मर्यादा वाचली जाते. शेलमध्ये ‘यूलिमिट’ या आज्ञेने दिसणारी ही मर्यादा सामान्यतः ८ एमबी असते, म्हणून थ्रेडचा स्टॅकही ८ एमबीचा होतो. ही मर्यादा ‘अमर्याद’ अशी ठेवली असेल तर लायब्ररी स्वतःचे मूल्य योजते, आणि ६४ बिटांच्या इंटेल-कुळातील यंत्रावर ते २ एमबी आहे. म्हणजे बंधन पूर्णपणे काढून टाकणाऱ्यास पूर्वीपेक्षा लहान स्टॅक मिळतो! मॅक-ओएसवर मुख्य थ्रेड वगळता इतर थ्रेडांना ५१२ केबी मिळतात. ‘मसल’ या आटोपशीर सी लायब्ररीत २०१९ पासून हे मूल्य १२८ केबी आहे. त्यापूर्वी ते ८० केबी होते.

या आकड्यांत अचूक कोणता, हा प्रश्न गैरलागू आहे. मानकाच्या दृष्टीने ते सर्वच अचूक आहेत. प्रश्न आहे तो प्रोग्रॅमचा. एखाद्या थ्रेडमधील फंक्शनने २५६ केबीचा एक स्थानिक ॲरे घोषित केला आहे असे समजू. हा प्रोग्रॅम ग्नू लायब्ररीवर वर्षानुवर्षे निर्वेध चालेल, मॅक-ओएसवरही चालेल. आणि तोच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, मसलवर आधारलेल्या अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये नेला की कोसळेल. कोसळताना मिळणारा संदेश ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढाच असेल. स्टॅक अपुरा पडला असे कोणीही सांगणार नाही. कंपायलरची तक्रार नाही, संहितेत भाषेच्या नियमांचा भंग नाही, आणि तरीही प्रोग्रॅम एका घरी शुद्ध व दुसऱ्या घरी अशुद्ध ठरतो. त्याच्या शुद्धतेचा एक भाग त्याच्या संहितेबाहेर, तो ज्या शेलमधून सुरू केला त्या शेलच्या मांडणीत किंवा ज्या लायब्ररीशी जोडला तिच्या कर्त्यांच्या मनात राहिलेला असतो. मानकाच्या मौनाचा खरा परिणाम तो हाच.

४

या मौनातून दुसराही एक गैरसमज वाढीस लागलेला आहे. ‘स्टॅकचा आकार ८ एमबी’ याचा अर्थ पुष्कळ जण ‘थ्रेडने ८ एमबी मेमरी खाल्ली’ असा करतात. वस्तुतः लिनक्सवर लायब्ररी एवढ्या लांबीची ॲड्रेस स्पेस तेवढी राखून ठेवते. प्रत्यक्ष मेमरीचे पेज मिळते ते त्या पेजला प्रथम स्पर्श झाल्यावर. एक हजार थ्रेडांचा प्रोग्रॅम ८,००० एमबी आभासी मेमरी दाखवील. परंतु प्रत्येक थ्रेडने तीन-चार पेजांनाच स्पर्श केला असेल, तर ४ केबीच्या पेजाच्या हिशेबाने स्टॅकपोटी व्यापलेली प्रत्यक्ष मेमरी १६ एमबीच्या आतच राहील. म्हणून केवळ आभासी आकड्यास भिऊन स्टॅक कापणे ही काटकसर नव्हे. त्यात वाचत काहीच नाही, आणि कोसळण्याची शक्यता मात्र वाढते.

तथापि ‘राखीव जागा फुकट असते’ असा उलट निष्कर्षही तितकाच चुकीचा ठरेल. तीन परिस्थितींत राखीव जागेची किंमत खरोखर मोजावी लागते. पहिली ३२ बिटांच्या यंत्राची. तेथे प्रोसेसच्या वाट्यास सामान्यतः ३ जीबी ॲड्रेस स्पेस येते. तीत ८ एमबीचे जास्तीत जास्त ३८४ स्टॅक मावतील, आणि प्रोग्रॅम, लायब्रऱ्या व हीप यांची जागा वजा जाता त्याहून कमीच. पुढचा थ्रेड निर्माण करताना पीथ्रेड_क्रिएट ‘ई-अगेन’ ही चूक परत करील, आणि मशीनवर मेमरी मोकळी असूनही थ्रेड का होत नाही याचे कोडे पडेल. दुसरी परिस्थिती म्हणजे कर्नल मेमरी-वाटपाचा कडक हिशेब ठेवतो तेव्हाची. तेव्हा स्पर्श न झालेला स्टॅकही संपूर्ण आकाराने खात्यावर मांडला जातो. तिसरी रिअल-टाइम प्रोग्रॅमांची. पेजची वाट पाहावी लागू नये म्हणून असे प्रोग्रॅम ‘एमलॉकऑल’ या कॉलने सद्य व भावी मेमरी जागच्या जागी बांधून ठेवतात. त्यानंतर निर्माण होणाऱ्या प्रत्येक थ्रेडचा संपूर्ण स्टॅक प्रत्यक्ष मेमरीत येतो. दहा थ्रेड म्हणजे ८० एमबी, मग ते वापरले जावोत वा न जावोत. लहान नियंत्रक यंत्रावर हा आकडा सबंध योजना मोडण्यास पुरेसा आहे.

सारांश, स्टॅकचा आकार हा एकच आकडा तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतो. तो ॲड्रेस स्पेसचे आरक्षण आहे, खोलीची मर्यादा आहे आणि काही परिस्थितींत प्रत्यक्ष खर्चही आहे. गुणधर्म-संचात त्यासाठी एकच रकाना आहे, आणि कोणत्या अर्थाने तो भरावा हे सांगण्याची सोय नाही.

५

स्टॅकच्या टोकाशी वाचनलेखनास बंद असे एक राखणीचे क्षेत्र असते. त्यास गार्ड म्हणतात. त्याचा आकारही गुणधर्म-संचातूनच ठरतो, आणि लिनक्सवर डीफॉल्ट मूल्य एका पेजाचे आहे. स्टॅक ओसंडला की या क्षेत्रास स्पर्श होऊन प्रोग्रॅम थांबतो. शेजारच्या मेमरीत गुपचूप लेखन होत नाही. परंतु ही राखण पेजाएवढ्या पावलाने चालणाऱ्यासाठीच आहे. फंक्शनचा स्थानिक ॲरे पेजाहून मोठा असेल, तर स्टॅक-पॉइंटर कुंपणास स्पर्श न करता त्यावरून पलीकडे जाऊ शकतो. २०१७ साली ‘स्टॅक क्लॅश’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या सुरक्षा-दोषांनी ही गोष्ट सर्वांच्या नजरेस आणली. त्यानंतर लिनक्स कर्नलने मुख्य स्टॅकखालील मोकळे अंतर एका पेजावरून १ एमबीपर्यंत वाढविले, आणि जीसीसी कंपायलरच्या आठव्या आवृत्तीने मोठी झेप घेताना प्रत्येक पेजास स्पर्श करीत जाण्याची सोय दिली. इतर थ्रेडांचे कुंपण मात्र गुणधर्म-संच सांगेल तेवढेच राहिले. शिवाय प्रोग्रॅमरने स्टॅकची मेमरी स्वतः पुरविली, तर गार्डचा गुणधर्म मुळीच लागू होत नाही. राखणीची जबाबदारी त्याचीच होते. स्वतःची मेमरी देणाऱ्या कित्येकांना याची जाणीव नसते.

येथे मानक आणि अंमलबजावणी यांतील अंतरही ध्यानात घ्यावे लागते. गार्डची जागा मागितलेल्या स्टॅकव्यतिरिक्त असावी, हा मानकाचा आशय. ग्नू लायब्ररी २.२७ या आवृत्तीपर्यंत ती मागितलेल्या आकारातूनच वजा करीत असे. थ्रेडचा वर्णनपट आणि थ्रेड-लोकल व्हेरिएबले हीही त्याच तुकड्यात बसविली जातात. सबब ६४ केबी मागणाऱ्यास ६४ केबी मिळतातच असे नाही. मोठ्या थ्रेड-लोकल ॲरेची घोषणा एका लायब्ररीत व्हावी आणि स्टॅक दुसऱ्याच लायब्ररीतील थ्रेडचा आटावा, असे घडू शकते. किमान आकाराची कथाही अशीच आहे. तो आकडा दीर्घकाळ संहितेतील स्थिरांक होता. प्रोसेसरची रजिस्टरे वाढत गेली, सिग्नल हाताळताना ती सर्व स्टॅकवर ठेवावी लागू लागली, आणि २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून ग्नू लायब्ररीत तो आकडा प्रोग्रॅम चालू असताना विचारून घ्यावा लागतो.

६

स्टॅकच्या आकाराइतकाच मेमरीशी निगडित असलेला, पण तसा न ओळखला जाणारा गुणधर्म म्हणजे डिटॅच-स्थिती. डीफॉल्ट थ्रेड ‘जॉइनेबल’ असतो. त्याचे काम संपले तरी त्याचा परतावा कोणीतरी पीथ्रेड_जॉइनने घेईपर्यंत त्याचा स्टॅक व वर्णनपट लायब्ररीकडे अडकून राहतात. प्रत्येक विनंतीस एक थ्रेड निर्माण करणाऱ्या सर्व्हरमध्ये जॉइन विसरले गेले, तर मृत थ्रेडांचे स्टॅक साचत जातात. ते मॅलॉकमधून घेतलेले नसल्याने हीपवर पाळत ठेवणाऱ्या साधनांच्या गळती-यादीत त्यांची खरी लांबी दिसत नाही. आठवड्याभराने सर्व्हर नवा थ्रेड निर्माण करू शकत नाही, आणि दोष मात्र शेवटच्या विनंतीच्या माथी मारला जातो.

उलट बाजूस ‘डिटॅच्ड’ गुणधर्म दिला की लायब्ररी थ्रेड संपताच त्याचा स्टॅक परत घेते. ग्नू लायब्ररी असे स्टॅक ४० एमबीपर्यंत पुनर्वापरासाठी जवळ ठेवते. पण मग थ्रेड केव्हा संपला हे निर्मात्यास कळत नाही. अशा थ्रेडला निर्मात्याच्या स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता दिला आणि निर्माता फंक्शनमधून परतला, तर तो पत्ता दुसऱ्याच्या मालकीच्या जागेचा होतो. गुणधर्म निवडणे म्हणजे मेमरीची मालकी कोणाकडे व किती काळ हे ठरविणे होय. नल लिहिणारा हा निर्णय टाळीत नाही; तो केवळ न वाचता त्याखाली सही करतो.

७

आता गुणधर्म-संचाच्या सर्वांत मोठ्या उणिवेकडे वळता येईल. थ्रेडची मेमरी म्हणजे केवळ त्याचा स्टॅक नव्हे. २००९ मधील २.१० या आवृत्तीपासून ग्नू लायब्ररीचे मॅलॉक, थ्रेडांची एकाच कुलुपापाशी गर्दी होऊ नये म्हणून, त्यांना स्वतंत्र ‘अरीना’ वाटून देते. ६४ बिटांच्या यंत्रावर अरीनांची कमाल संख्या प्रोसेसर-गाभ्यांच्या आठपट असते, आणि प्रत्येक नवी अरीना प्रारंभी ६४ एमबी ॲड्रेस स्पेस राखते. १६ गाभ्यांच्या यंत्रावर १२८ अरीना, म्हणजे ८,१९२ एमबींचे आरक्षण होऊ शकते. २०१७ पासून त्यात प्रत्येक थ्रेडच्या लहानशा खासगी साठ्याची भर पडली. याचे मोल वेगाच्या रूपाने मिळते हे खरे. परंतु एका अरीनेत मोकळे झालेले तुकडे दुसऱ्या अरीनेच्या थ्रेडास सहजी मिळत नाहीत, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या सर्व्हरची प्रत्यक्ष मेमरीही त्यामुळे फुगते.

एखाद्या प्रोग्रॅमरने परिश्रमपूर्वक प्रत्येक थ्रेडचा स्टॅक ८ एमबीवरून २५६ केबीवर आणला आणि तरीही प्रोसेसचा आकडा अपेक्षेप्रमाणे उतरला नाही, तर त्याचे कारण बहुधा येथे सापडेल. उपाय आहे, अरीनांची संख्या ‘मॅलॉप्ट’ने किंवा वातावरणातील एका चलाने मर्यादित करता येते. परंतु हा उपाय संपूर्ण प्रोसेसला लागू पडतो. ‘हा थ्रेड हीप क्वचितच वापरतो, त्यास स्वतंत्र अरीना नको’ असे गुणधर्म-संचात लिहिण्यास जागा नाही. थ्रेडच्या मेमरीचा अर्धाच हिशेब मांडणारी वही असे या संचाचे वर्णन करावे लागते.

८

मानककारांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावयास हवी. एकाच मानकाने लहान नियंत्रक यंत्रापासून प्रचंड सर्व्हरपर्यंत सर्वांस सामावून घ्यावयाचे असेल, तर स्टॅकचा एक आकडा सर्वांवर लादणे शक्य नव्हते. पुढे २०११ च्या सी मानकाने भाषेतच थ्रेड आणले, तेव्हा तर निर्मितीच्या फंक्शनमधून गुणधर्म पूर्णतः वगळले गेले. तेथे नल लिहिण्याचीही जागा नाही. या तुलनेत पॉझिक्सने निदान प्रश्न विचारण्याची सोय ठेवली, हे तिचे श्रेय होय.

दोष आहे तो प्रश्न अर्धवट विचारण्यात. मानक प्रोग्रॅमरकडून एक आकडा मागते, पण तो आकडा जाणून घेण्याचे कोणतेही साधन देत नाही. थ्रेडने स्टॅक किती खोल वापरला हे विचारणारे फंक्शन पॉझिक्समध्ये नाही. आपण बोलावलेले लायब्ररी-फंक्शन किती स्टॅक घेईल, हे त्याच्या वर्णनात लिहिलेले नसते. गो भाषेने हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडविला. २०१४ च्या १.४ आवृत्तीत तिची गोरूटीन २ केबी स्टॅकनिशी सुरू होत असे, आणि गरज पडेल तसा स्टॅक मोठ्या जागी हलविला जाई. सी भाषेस हा मार्ग बंद आहे. कारण स्टॅकवरील व्हेरिएबलचा पत्ता कोणीही कोठेही जपून ठेवू शकतो, आणि ते व्हेरिएबल हलविले तर तो पत्ता खोटा ठरेल. जेथे यंत्रणा आकडा ठरवू शकत नाही, तेथे तो प्रोग्रॅमरने ठरविणे अपरिहार्य होते.

यावरून प्रोग्रॅमच्या परीक्षणाची एक कसोटी निष्पन्न होते. अनेक थ्रेडांचा जो प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर नेला जाण्याचा संभव आहे, त्याने स्टॅकचा आकार आपल्या संहितेतच सांगितला पाहिजे. तो आकडा अंदाजाचा नसावा. जीसीसीच्या ‘स्टॅक-युसेज’ पर्यायाने प्रत्येक फंक्शनची गरज कळते, आणि स्टॅक ठरावीक खुणेने भरून कोठवर पुसला गेला हे पाहिल्यास प्रत्यक्ष खोली मोजता येते. त्यावर सिग्नल हाताळणी, थ्रेड-लोकल व्हेरिएबले आणि परकी लायब्ररी यांसाठी मोकळीक सोडावी. आकार ठेवणाऱ्या फंक्शनचा परतावा तपासावा, कारण आकडा नाकारला गेला तर संच पूर्वीचेच मूल्य बाळगतो आणि थ्रेड मुकाट्याने डीफॉल्ट स्टॅकवर चालू लागतो. हे परतावे ‘एरनो’मध्ये नसून फंक्शनच्या मूल्यातच असतात, हेही विसरू नये. डिटॅच-स्थिती प्रत्येक ठिकाणी विचारपूर्वक निवडावी, आणि हीपच्या अरीनांचा हिशेब गुणधर्म-संचाबाहेर स्वतंत्रपणे मांडावा.

जेथे नल लिहिलेले आहे तेथे लेखकाने डीफॉल्ट मूल्य जाणून ते स्वीकारले आहे की केवळ प्रश्न टाळला आहे, हे संहितेवरून ओळखता येत नाही. त्यामुळे असा प्रोग्रॅम परीक्षकाच्या हाती येतो तेव्हा त्याच्या गुणदोषांचा निवाडा अपुराच राहतो. आकडा लिहिलेला असेल, तर तो चूक असला तरी त्याची तपासणी होऊ शकते. गुणधर्म-संचाचे महत्त्व एवढेच आहे, आणि त्यासाठी तो वापरात आणणे इष्ट आहे.